आधी मोजा, मग घ्या : गेमच्या कॉम्प्युटरचा खर्च



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत साठ हजारांच्या कर्जाचा अर्ज आला आणि तो माझ्याच घरचा होता. कारण लिहिलं होतं, "गेमिंग कॉम्प्युटर". मागणारी माझी लेक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बैठकीत थोडी कुजबुज झाली. एकजण म्हणाली, "पोरीच्या जातीला गेम कशाला?" दुसरीने लगेच सुनावलं, "पोराने मागितला असता तर विचारलं असतंस का?" मी गटाची सचिव, त्यामुळे माझी दोन्हीकडून अडचण झाली. शेवटी ठरलं ते असं : म्हैस घेताना दूध काढून बघतो, तसंच इथेही आधी नीट बघायचं. आठ दिवसांनी लेकीने सगळ्यांना समजावून सांगायचं. ती जे शिकली आणि मी तिच्याबरोबर जे शिकले, तेच आज सांगते.

घरात जुना कॉम्प्युटर होता. एका ऑफिसातून निघालेला, गटाच्या हिशेबासाठी घेतलेला. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर आहे, म्हणजे २०१५ च्या सुमाराचा. त्यावर लेकीचा गेम अडखळायचा. दुकानदार म्हणाला, "प्रोसेसर जुना झालाय, आय सेव्हन टाका, नाहीतर सगळंच नवं घ्या." त्यावरूनच साठ हजारांचा आकडा आला होता.

आता आतले भाग काय करतात ते बघू. लग्नघरी भाकरी चालल्यात असं समजा. एकजण थापते, दुसरी तव्यावर भाजते. थापणारी म्हणजे प्रोसेसर. गेममध्ये कोण कुठे पळालं, गोळी कुठे लागली, हा सगळा हिशेब तो करतो. भाजणारी म्हणजे ग्राफिक्स. त्या हिशेबाचं चित्र रंगवून पडद्यावर टाकायचं काम तिचं. चित्र डोळ्यांना सलग दिसायला सेकंदाला साठ चित्रं पडली तर उत्तम. मळलेलं पीठ हाताशी असतं ती परात म्हणजे रॅम. पिठाची कोठी म्हणजे हार्डडिस्क किंवा एसएसडी. आणि चुलीतला जाळ म्हणजे एसएमपीएस, सगळ्या भागांना वीज देणारा डबा.

आता सांगा, भाजणारी एकटी आणि तिचा तवा लहान असेल, तर थापायला कितीही चपळ बाई बसवली तरी पंगतीला भाकरी लवकर येईल का? नुसता थापलेल्या भाकरींचा ढीग पडेल. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. जो भाग बाकीच्यांना थांबवून ठेवतो, त्याच्यावरच पैसा घालायचा. दुसऱ्या भागावर घातलेला पैसा बसून राहतो.

तो भाग ओळखायला खर्च येत नाही. गेम पंधरा मिनिटं चालवायचा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स, यांवर किती भार आहे ते टक्क्यांत दिसतं. जीपीयू शंभराला टेकलेला आणि प्रोसेसर निवांत असेल, तर अडचण ग्राफिक्सची. उलट असेल, तर प्रोसेसरची. खात्री करायला आणखी एक युक्ती आहे. गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करायचा. गेम लगेच पळू लागला, तर ग्राफिक्स कमी पडत होतं. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतोय.

आमच्याकडे जीपीयू शंभर टक्के आणि प्रोसेसर चाळीसच्या आसपास होता. म्हणजे आय सेव्हन घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते. शिवाय दुकानात दाखवलेला आय सेव्हन आठव्या पिढीचा होता. सहाव्या आणि आठव्या पिढीच्या खाचेचं नाव एकच, एलजीए ११५१. पण सहाव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणून प्रोसेसर घेण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल लिहून न्या आणि कंपनीच्या यादीत तो प्रोसेसर आहे का ते बघा.

मग आम्ही पायरीपायरीने गेलो.

पहिली पायरी फुकटची. कॅबिनेट उघडलं तर आत सोयाबीनच्या मळणीची धूळ गच्च बसलेली. पंखा धुळीने भरला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच हळू चालतो. वायर काढून, कॉम्प्युटर बंद ठेवून, मऊ ब्रशने साफ केलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली.

दुसरी पायरी रॅमची. आमच्यात आठ जीबीची एकच पट्टी होती. तशीच दुसरी लावली. दोन पट्ट्या असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर याचा फायदा फार, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच उसनं घेतं. मात्र डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात दाखवा. भावही विचारून घ्या, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले.

तिसरी पायरी एसएसडी. तिने कॉम्प्युटर पटकन सुरू होतो, गेम लवकर उघडतो. पण सेकंदाला पडणारी चित्रं तिने फारशी वाढत नाहीत. कोठी जवळ आली म्हणून तवा मोठा होत नाही. आम्ही ती घेतली ती गटाच्या कामासाठीही.

चौथी पायरी ग्राफिक्स कार्डची, खरी गरज तीच. इथे आधी जाळ बघावा लागतो. ऑफिसच्या पातळ कॅबिनेटमध्ये एसएमपीएस लहान असतो आणि कितीदा त्याच्या पिना कंपनीच्या वेगळ्याच असतात, बाजारातला दुसरा बसत नाही. मदरबोर्डची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. म्हणून आम्ही ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० घेतलं, जुनं, चार जीबीचं. त्यातही वेगळी वायर न लागणारं आणि उंचीने कमी, ज्याला लो-प्रोफाइल म्हणतात ते. आरएक्स ६६०० त्याहून पुष्कळ जोरकस आहे. पण ते १३२ वॅट घेतं, त्याला वेगळी वायर लागते आणि निदान ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस लागतो. आमच्या डब्याला ते झेपलं नसतं.

एसएमपीएसवर बचत करू नका. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी तेवढं तो देईलच असं नाही. गटातल्या एकीच्या घरी गेम रंगात आला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. डबा बदलला आणि थांबलं. ओळखीच्या कंपनीचा, ८० प्लसचं चिन्ह असलेला घ्या. घरात अर्थिंग नीट आहे का तेही बघून घ्या. लाइट गेली की धावणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, हे मोठं कार्ड घेताना ध्यानात असू द्या.

जुनं कार्ड घेताना पैसे देण्याआधी समोर अर्धा तास गेम चालवून बघा. जुन्या कार्डावर नव्याचं नाव घालून विकणारेही असतात. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच खोटी कार्डं पकडतं.

एक मर्यादा मात्र मोकळेपणाने सांगते. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठीच्या इंटेलच्या यादीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. म्हणजे आमचा कॉम्प्युटर उतारवयातला. म्हणून गटाचं बँकेचं काम आम्ही त्यावरून काढलं. आणि भाग निवडताना हेही बघितलं की उद्या कॉम्प्युटर बदलला तरी कार्ड आणि एसएसडी काढून नव्यात लावता येतील. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी रायझन ५ ५६००जी सारखा, आतच बरं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या आणि चांगला एसएमपीएस यांनी सुरुवात करावी. कार्ड पुढच्या हंगामाला घेता येतं.

आठ दिवसांनी लेक बैठकीत उभी राहिली. हे सगळं तिने फळ्यावर मांडलं आणि साठ हजारांचा अर्ज स्वतःच खोडून पंधरा हजारांचा केला. कुजबुजणाऱ्या बाईनेच पहिली सही केली, वर म्हणाली, "माझ्या नातवाचाही कॉम्प्युटर अडतोय, येशील का बघायला?" हप्ता लेक भरते, कॉलेजनंतर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून. आतापर्यंत तीन हप्ते वेळेवर आलेत. गेमही सलग चालतो. सगळे नवे गेम चालत नाहीत, पण तिला हवा तो चालतो.

तुमच्या घरी अशी मागणी आली तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम हो पण म्हणू नका. ती तीन बटणं दाबायला सांगा आणि कोण कुणाला थांबवतंय ते दोघी-दोघांनी मिळून बघा.