शेवटचा आकडा

उरणच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर न्हावा-शेवा बंदराकडे निघालेली ट्रेलरांची रांग तुम्ही पाहिली असेल. १९८९ साली हे बंदर सुरू झाले. प्रत्येक ट्रेलरवर वीस किंवा चाळीस फूट लांबीची लोखंडी पेटी, आणि पेटीवर तिचे नाव रंगवलेले. उदाहरणार्थ, सी एस क्यू यू ३०५४३८ ३. पहिली तीन अक्षरे मालकाची. ती पॅरिसच्या एका संस्थेकडे नोंदवावी लागतात. चौथे 'यू' म्हणजे मालाची पेटी. मग सहा आकडी अनुक्रमांक. शेवटचा आकडा मात्र निराळाच. त्याची हकीकत पुढे येईलच.

पूर्वी फाटकावरचा कारकून उन्हापावसात उभा राहून हे नाव टिपून घेई. आता मोठ्या बंदरांत फाटकाच्या कमानीत कॅमेरे बसवतात. ट्रेलर खालून सरकतो, छायाचित्रे निघतात आणि संगणक वाचू लागतो. त्यात काय मोठेसे, असे वाटेल! पण पेटीची भिंत पन्हाळी पत्र्याची; अक्षर अर्धे उन्हात, अर्धे सावलीत. कुठे गंज, कुठे ओरखडा, कुठे नाव आडवे तर कुठे उभे. शून्य आणि इंग्रजी 'ओ' तर जुळे भाऊच. त्यांना जागेवरून ओळखायचे: पहिल्या चार घरांत अक्षरे, पुढच्या सातांत आकडे.

उत्तरपत्रिका तपासताना हा 'घ' की 'ध', असा प्रश्न मला नेहमी पडतो. मी वाक्याच्या अर्थावरून निभावून नेतो. क्रमांकाला अर्थ कुठला? तिनाचा आठ वाचला, तरी तोही तितकाच सभ्य क्रमांक. आणि हॉलंडला निघालेली नाशिकची द्राक्षे भलत्याच जहाजावर चढायची! म्हणून तो शेवटचा आकडा. प्रत्येक अक्षराला एक मूल्य ठरलेले आहे. पहिल्या घरास एकाने, दुसऱ्यास दोनाने, तिसऱ्यास चाराने, असे दहाव्या घरापर्यंत दुपटीने गुणत जायचे, बेरीज करायची आणि अकराने भागायचे. आपल्या पेटीची बेरीज ६१८५, बाकी ३. शेवटी ३च आहे, म्हणजे वाचन बरोबर. अनुक्रमांकातल्या पहिल्या तिनाचा आठ झाला असता, तर बाकी ६ येऊन चूक तिथेच पकडली गेली असती.

पण या पहारेकऱ्यालाही कधी डुलकी लागते. 'जी'चे मूल्य १७, 'क्यू'चे २८. फरक नेमका अकराचा! गंजलेला 'क्यू' यंत्राने 'जी' वाचला तरी बाकी ३च उरते. त्यातून ही दोन अक्षरे दिसायलाही भावंडांसारखी. मग आधी आलेल्या यादीशी नाव ताडून पाहायचे. तेथेही जुळले नाही, तर ते छायाचित्र आतल्या खोलीतल्या माणसापुढे येते. तो डोळे बारीक करून पाहतो, एक अक्षर बदलतो. तोवर ट्रेलर फाटकाशी उभा असतो.