मनोहरगड ते तेरेखोल: एका नदीकाठची छायाचित्रं

मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडी मागे पडते, इन्सुलीचा घाट उतरतो आणि गाड्यांचा वेग वाढतो. गोव्याची हद्द जवळ आलेली असते. मागच्या सीटवरचे कॅमेरे बॅगेतच असतात, कारण फोटो काढायचे ते समुद्रावर, हे आधीच ठरलेलं असतं. बांद्याला चहा होतो, पेट्रोल भरलं जातं आणि गाडी पत्रादेवीकडे निघते. ज्या पुलावरून ती जाते त्याच्याखालची नदी फार थोड्यांना दिसते. सिंधुदुर्गात फोटो काढायला कुठे जावं, असं कुणी विचारलं तर मालवण, तारकर्ली, आंबोली ही नावं लगेच पुढे येतात. बांद्याचं नाव त्यात नसतं. ते असायला हवं, आणि त्याचं कारण ही नदीच आहे.

सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी वरच्या टप्प्यात बांद्याची नदी म्हणून ओळखली जाते आणि खाली तेरेखोल होते. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंतचं तिचं अंतर फार नाही. पण तेवढ्यात जंगल, डोंगरपायथ्याची भातशेती, माडापोफळीच्या बागा, जुनी बाजारपेठ, खारफुटीची खाडी आणि किल्ल्याखालचं नदीमुख अशी दक्षिण कोकणाची जवळजवळ सगळी रूपं एकापाठोपाठ येतात. एकेक ‘पॉइंट’ गाठत धावण्याऐवजी नदीचा क्रम धरला, तर दोन-तीन दिवसांत या मुलखाची संगती लागते. फोटोही एकमेकांशी बोलू लागतात.

सुरुवात वरून करावी. मनोहरगड आणि त्याला खेटून उभा असलेला मनसंतोषगड ही जोडी शिवापूरकडून नीट दिसते. 1844-45च्या उठावात बंडवाल्यांनी हे गड इंग्रजांविरुद्ध लढवले होते. या पायथ्याशी येणाऱ्यानं एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. सह्याद्रीची भिंत पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य पंचांगातल्या वेळेला दिसत नाही. आकाश उजळतं, पण खोऱ्यात थेट ऊन यायला बराच वेळ लागतो. तोवर प्रकाश मऊ असतो, सावल्या नसतात आणि डिसेंबर-जानेवारीत धुकं भाताच्या कुणग्यांवर बसून राहतं. मग डोंगराच्या खिंडीतून पहिला तिरका झोत येतो आणि धुक्याला आकार मिळतो. ही वेळ थोडकीच टिकते. त्यामुळे उजाडायच्या आधी जागा पाहून ठेवणं, समोर काय येणार हे ठरवणं, ही कामं आदल्या संध्याकाळी करायची असतात.

आंबोलीबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की धबधब्यांसाठी इथे जागा खर्चायला नको. सुमारे 690 मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो. शनिवार-रविवारी माणसंही तशीच कोसळतात. खरं धन रात्री बाहेर येतं. 2009 साली शास्त्रज्ञांनी वर्णन केलेला आंबोली टोड हा छोटा बेडूक जगात फक्त याच भागात आढळतो आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात 2020 साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात नोंदवली गेली. पुढच्याच वर्षी त्या जागेला राज्य सरकारनं जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. पावसाळी रात्री मॅक्रो लेन्स घेऊन येणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढली. त्यांतले काही जण बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवतात, तो हलू नये म्हणून दिव्याचा झोत त्याच्या डोळ्यांवर धरून बसतात. उभयचरांची त्वचा श्वसनाचं काम करते. हाताला लागलेलं क्रीम, डास पळवणारं औषध, दुसऱ्या बेडकाकडून आलेला संसर्ग, हे सगळं त्या त्वचेतून आत जातं. बेडूक जिथे बसला आहे तिथेच त्याचा फोटो घ्यावा, आणि तिथे पोचता येत नसेल तर तो फोटो सोडून द्यावा.

दाणोलीकडून बांद्याकडे येणारा रस्ता मात्र रमतगमत करण्याचा आहे. ओटवणे, विलवडे या गावांच्या आसपास नदी कधी रस्त्याजवळ येते, कधी बागांआड जाते. पोफळी, माड, केळी आणि पोफळीवर चढलेले मिरवेल अशा थरांच्या बागेत भर दुपारीही सावली असते. दुपारचं ऊन फोटोला वाईट, हा नियम अशा बागेत उलटा होतो. वरून पडणारे उन्हाचे कवडसे हेच तिथलं चित्र असतं. पाऊस पडून गेला असेल तर ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चमक येते आणि हिरवा रंग फिका दिसतो. पोलरायझर फिल्टर फिरवला की ती चमक जाते आणि पोफळीचा खरा रंग उघडतो. पावसाळ्यात कोकणात फिरणाऱ्यानं एकच फिल्टर न्यायचा असेल तर तो हा.

शेतीचं वेळापत्रक कळलं की फोटोचं वेळापत्रक आपोआप कळतं. जूनमध्ये तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेरणी होते, जुलैत लावणी. नांगरलेल्या चिखलात आभाळ उतरतं ते याच दिवसांत. ऑक्टोबरात शेतं पिवळी पडतात. बहुतेक छायाचित्रकार इथेच वही मिटतात आणि नोव्हेंबरनंतर कोकण सुकतं असं समजतात. सडे, म्हणजे कातळाची पठारं, सुकतात हे खरं. पण नदीकाठच्या आणि व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) सखल जमिनींत वायंगणी भात लागतं. व्हाळावर तात्पुरता बंधारा घालून पाणी अडवतात आणि त्यावर हिवाळी पीक उभं राहतं. फेब्रुवारीत वरचा सडा गवताच्या काड्यांनी तपकिरी झालेला असतो, मधे चिऱ्याचा तांबडा गडगा आणि खाली वायंगणाची कोवळी हिरवी पट्टी. असे तीन रंग एका चौकटीत वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही काळात मिळत नाहीत.

लावणीचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात. कमरेत वाकून दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या बायांना मात्र बांधावरून अचानक रोखलेली लांब लेन्स आवडत नाही. ती कुणालाही आवडणार नाही. आधी बांधावर उभं राहून विचारावं, “काकी, फोटो काढू काय?” बहुतेक वेळा हसून होकार येतो, कधी ‘आधी हात लावा तरव्याक’ असंही ऐकायला मिळतं. नकार आला तर कॅमेरा खाली. घरांचंही तसंच आहे. 2016 साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेनंतर आकेरीचा वाडा पाहायला लोकांची रीघ लागली. मालिकेतला वाडा प्रेक्षकांचा असला तरी खळं, तुळस आणि माजघर हे कुणाच्या तरी राहत्या घराचे भाग असतात.

बांदा गावात नदी रुंद होते. आदिलशाहीच्या काळात या गावाला आदिलाबाद म्हणत आणि ते बंदर होतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात राहिलेल्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजानं किनाऱ्यावरच्या बंदरांच्या वर्णनात बांद्याची नोंद केली आहे. आज महामार्गावरून पाहणाऱ्याला इथे कधी गलबतांचा व्यापार चालला असेल याची कल्पना येत नाही. त्या काळाची सर्वांत ठळक खूण म्हणजे रेडे घुमट. सिंधुदुर्गात मंदिरं कौलारू, उतरत्या छपरांची. त्यांच्यात आदिलशाही बांधणीचा हा घुमट पाहताना नजर थबकते. त्याचा फोटो समोरून, भर उन्हात काढला तर पोस्टकार्डासारखा सपाट येतो. सकाळी किंवा चारनंतर बाजूनं ऊन येतं तेव्हा चुन्याचे आणि दगडाचे पापुद्रे, झिजलेल्या कडा, पावसानं काळवंडलेली गोलाई स्पष्ट होते. वास्तूचं वय दाखवायचं असेल तर बाजूचं ऊनच हवं.

या नदीची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2019च्या ऑगस्टमध्ये तेरेखोलचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं आणि दुकानंच्या दुकानं बुडाली. पुराचे दिवस छायाचित्रकारासाठी नसतात. त्या दिवशी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मदतीच्या कामाचा असतो. शिवाय इथल्या नदीपात्रात मगरी आहेत. बांदा, इन्सुली, शेर्ले परिसरात त्या काठावर ऊन खाताना दिसतात. पाण्याच्या पातळीवरून प्रतिबिंब टिपण्यासाठी ट्रायपॉड घेऊन पात्रात उतरण्याची सवय असलेल्यांनी ती इथे बाजूला ठेवावी. काठावरच्या लोकांना विचारल्याशिवाय पाण्याजवळ बसू नये.

आकाशातून फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी परिस्थिती अलीकडेच बदलली. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली आणि बांदा तिथून अगदी जवळ आहे. 2021च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरच्या आतल्या पट्ट्यावर उंचीचे आणि परवानगीचे निर्बंध असतात. आधी पाहिलेली कुणाची तरी सुंदर हवाई चित्रफीत मोपापूर्वीची असू शकते. आज ड्रोन काढण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा उघडून आपण कुठल्या क्षेत्रात उभे आहोत हे पाहावं लागतं.

बांद्याच्या खाली नदीला भरती-ओहोटी कळू लागते. मडुरे हे कोकण रेल्वेचं महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन या पट्ट्यात आहे. पुढे आरोंद्याची खाडी लागते. इथे घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक महत्त्वाचं. भरतीला खारफुटीची झाडं पाण्यात तरंगल्यासारखी दिसतात, किनारा नाहीसा होतो. साधारण सहा तासांनी ओहोटीला त्याच जागी चिखल उघडा पडतो, खारफुटीची गुंतलेली मुळं दिसू लागतात आणि बगळे, ढोकरी खाद्य टिपायला येतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सूर्यास्ताला भरती असेल तर आठवड्यानं त्याच वेळी साधारण ओहोटी असणार. एकाच धक्क्यावरून, एकाच लेन्सनं आठवड्याच्या अंतरानं काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळी गावं वाटावीत. बगळ्यांचा फोटो घेताना एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं. काळ्या चिखलामुळे कॅमेरा फसतो आणि पांढरी पिसं जळून जातात.

नदीमुखावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात मोडतो, कारण 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि पुढे सोडला नाही. पलीकडे केरीचा किनारा आहे. इथला सूर्यास्त बहुतेक जण आल्या दिवशी, आल्या वेळी पाहतात. पण सूर्य वर्षभर एकाच जागी बुडत नाही. डिसेंबरात तो पश्चिमेच्या जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो, मे-जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. किल्ल्याच्या बाजूनं नदीमुख, केरीची वाळू आणि सूर्य एका चौकटीत हवे असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी हेच महिने. मे महिन्यात त्याच जागेवर उभं राहिलं तर सूर्य उजवीकडे दूर जातो आणि नदी चौकटीबाहेर राहते.

रात्रींसाठी वेगळं नियोजन हवं. कार्तिकानंतर गावोगावी जत्रा सुरू होतात आणि जत्रेत दशावतार असतो. पूर्वरंगातला संकासुर, मध्यरात्री रंगात आलेलं आख्यान, पेटाऱ्यामागे चेहरा रंगवत बसलेला नट, यांतलं काहीच दिवसा मिळत नाही. फ्लॅश मारला की नटाच्या डोळ्यांवर अंधारी येते आणि रंगमंचाचा प्रकाशही मरतो. आयएसओ वाढवून, दाणेदार फोटो पत्करून, आहे त्या उजेडात काम करणं बरं. नाटक लोकांसाठी चाललेलं असतं आणि पुढच्या रांगेत पोरं बसलेली असतात. त्यांच्यासमोर ट्रायपॉड उभा राहता कामा नये.

हे सगळं जसं आहे तसं फार काळ राहील का, हा प्रश्न कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला टाळता येत नाही. बांदा-दोडामार्ग पट्ट्यात जंगल तोडून लावलेले रबराचे मळे दिसतात. एका उंचीची, एका अंतरावरची झाडं, खाली पक्षीही कमीच. चिरेखाणींनी सडे चौकोनी कापले आहेत. याच सड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी निळी-जांभळी सीतेची आसवं आणि पांढऱ्या गेंदांचे गालिचे उमलतात. तिलारीचं जंगल 2020 साली संवर्धन राखीव झालं. सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरमधल्या पंचवीस गावांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्यासाठीची लढाई उच्च न्यायालयापर्यंत गेली. हिरवे फोटो काढणाऱ्यांनी कापलेल्या सड्याचा, ओसाड टेकडीचाही फोटो काढावा, तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवावं. अशा नोंदी पुढे गावाच्याच उपयोगी पडतात. बांद्याचा फोटो ‘गोवा’ किंवा नुसतं ‘कोकण’ या नावाखाली फिरत राहिला तर त्यातली नोंद हरवते. दुर्मीळ बेडूक, ऑर्किड किंवा घरटं असेल तर मात्र तालुक्यापुढे ठिकाण सांगू नये.

पहिल्यांदाच येणाऱ्यानं फेब्रुवारीचे दोन दिवस निवडावेत. गाडीनं सावंतवाडीला उतरून दाणोलीच्या रस्त्यानं नदीबरोबर बांद्यापर्यंत यावं, वायंगण आणि बागा पाहाव्यात, चारच्या उन्हात रेडे घुमट गाठावा. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ बघून आरोंदा आणि दिवस कलताना तेरेखोल. वाडीत शिरताना ट्रायपॉड खांद्यावर आणि चपला हातात घ्यायची तयारी हवी, कारण चांगल्या जागांकडे जाणारी वाट बहुधा कुणाच्या तरी सारवलेल्या खळ्यातून जाते.