आफ्रिकेचा विद्यार्थी पुण्यात खोली शोधतो

जून महिना लागला, की पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर एक ठरलेले दृश्य दिसते. एस. टी.तून गावाकडचा मुलगा उतरतो. खांद्याला पिशवी, बगलेत वळकटी, आईने दिलेला चटणीचा डबा आणि बरोबर वडील नाहीतर मामा. कॉलेजातला प्रवेश झालेला असतो, राहण्याचे ठरायचे असते. मग दारोदार हिंडणे सुरू होते. "कॉट बेसिसवर जागा आहे का?" दार अर्धे उघडते आणि आतून प्रश्न येतात. गाव कोणतं? आडनाव काय? खाणंपिणं काय? आडनाव ऐकल्यावर पुढच्या माणसाचा सूर कसा बदलतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला मी वेगळे सांगायला नको.

आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो याच दारात उभा असतो. फक्त तो फार लांबून आलेला असतो. तो आफ्रिकेतला विद्यार्थी. टांझानिया, केनिया, सुदान, नायजेरिया अशा देशांतून मुले-मुली पुण्यात शिकायला येतात. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. पुढच्याच वर्षी दिल्लीत भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद निघाली आणि तिच्या शिष्यवृत्त्यांवर परदेशी विद्यार्थी भारतात येऊ लागले. म्हणजे हा पाहुणा काही काल-परवाचा नव्हे.

माझ्या वर्गात टांझानियाचा एक विद्यार्थी होता. शांत, अभ्यासू आणि पहिल्या बाकावर बसणारा. पहिल्याच महिन्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, कोणत्या भागात राहू?" मी उत्साहाने सांगू लागलो. कॉलेजजवळच्या पेठेत राहा. पायी येता येईल, खाणावळ स्वस्त आहे, वाचनालय जवळ आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तिथे आमच्याकडचं कुणी राहतं का?"

मी गप्प झालो. कोणी राहत नव्हते.

श्रोतेहो, त्या प्रश्नात एक सबंध हिशेब होता. तुम्हीआम्ही खोली पाहताना भाडे, पाणी आणि अंतर एवढेच पाहतो. त्याला आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. रात्री उशिरा परतलो तर रस्त्यात कोणी अडवील का? कोपऱ्यावरचा दुकानदार नीट बोलेल का? आणि आजारी पडलो तर आपली भाषा जाणणारा कोणी हाकेच्या अंतरावर असेल का? आपली माणसे असलेल्या भागात भाडे जास्त, कॉलेज लांब. पण जीव स्वस्थ. कॉलेजजवळ राहावे तर पैसा वाचतो, वेळ वाचतो. पण जिन्यात प्रत्येक दार किलकिले होते. हा तराजू त्याला रोज हातात धरावा लागतो.

एकाच शहरात असा फरक का पडतो? याचे कारण पुण्याच्या घडणीत आहे. जुन्या पेठा वसल्या त्या बहुतांशी जातीच्या आणि धंद्याच्या आळ्यांनी. वाडा म्हणजे एक दिंडी दरवाजा, एक चौक, एक नळ. सगळे सामायिक, म्हणून भाडेकरू ठेवायचा तोही जातभाई पाहून. पुढे वाडे पडले, त्या जागी सिमेंटच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. नळ घरोघर आले, पण प्रश्न विचारण्याची सवय मात्र तशीच राहिली.

याउलट लष्कर भाग, ज्याला आपण कॅम्प म्हणतो, तो १८१८ नंतर इंग्रजांच्या छावणीभोवती वसला. तिथे पारशी आले, बोहरी आले, इराणी आले, गोव्याचे ख्रिस्ती आले, तमिळ-तेलुगू कुटुंबे आली. ज्यूंचे प्रार्थनामंदिर तिथे १८६७ सालापासून उभे आहे. त्याच्या तांबड्या विटांमुळे पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. जिथे शेजारी वेगळाच असायचा, हे पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडले, तिथे आणखी एक वेगळा माणूस आला तर फारसे बिघडत नाही. तिथली माणसे काही जन्मतःच अधिक चांगली असतात असे नव्हे. वेगळ्या माणसाशी वागण्याची त्यांना सवय झालेली असते, एवढेच.

आता आपण म्हणाल, घरमालकाच्याही अडचणी असतात. असतात ना! परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत ती माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. भाडेकरार लेखी करून नोंदवावा लागतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. पण यात अवघड काय आहे? करार तर सांगलीच्या मुलाशीही करावाच लागतो. कागदपत्रांची कटकट हे पुष्कळदा तोंडावर सांगायचे कारण असते. मनातले कारण निराळे असते. कुठे तरी कुणा एका परदेशी माणसाला पोलिसांनी पकडल्याचे वाचलेले असते, आणि त्याचा गुन्हा सगळ्यांच्या माथी मारलेला असतो. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अशाच संशयावरून जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली. संशय एकावर, मार दुसऱ्याला!

आफ्रिका हा एक देश नव्हे. तिथे पन्नासाहून अधिक देश आहेत. पण आपण सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे होतो. माझा हा विद्यार्थी स्वाहिली बोलायचा. एकदा मी त्याला त्याच्या भाषेतले काही शब्द विचारले आणि चकित झालो. चहाला ते 'चाय' म्हणतात, पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', पुस्तकाला 'किताबू', हिशेबाला 'हेसाबू', आणि चपातीला चपातीच! अरबी समुद्राच्या दोन काठांवर शतकानुशतके गलबते ये-जा करीत होती. व्यापाऱ्यांबरोबर शब्दही आले-गेले. शिक्षकबंधूंनी भूगोलाच्या तासाला हे शब्द फळ्यावर लिहून पाहावेत. मुलांना आफ्रिका एकदम जवळची वाटेल.

आणि इतिहास तर याहून जवळचा आहे. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनच्या राजकारणाचा सूत्रधार झाला. जमिनीची मोजणी करून सारा ठरवण्याच्या त्याच्या पद्धतीचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत येतो. आजचे छत्रपती संभाजीनगर त्याने १६१० च्या सुमारास खडकी या नावाने वसवले आणि तिथे नहर बांधून पाणी आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. अलीकडचे सांगायचे तर, नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ओबासांजो तरुण लष्करी अधिकारी असताना १९६५ साली पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन गेले. तेव्हा 'हे लोक इथे कशाला?' असे विचारणाऱ्याने आधी आपल्याच मातीचा इतिहास चाळावा.

खोली नाकारली जाण्याचे दुःख आपल्याला नवे आहे काय? १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला राहायला जागा मिळेना. ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबब सांगितली. शेवटी बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. लाठीवाल्यांपेक्षा मला त्या दोन मित्रांचा विचार अधिक पडतो. ते वाईट नव्हते. त्यांनी फक्त सबब सांगितली.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या सोसायटीत एका सभासदाने आपली जागा दोन आफ्रिकी विद्यार्थिनींना द्यायचे ठरवले होते. सभा भरली. कोणी म्हणाले, आपल्याकडे बायकामुले आहेत. त्या मुलीही कुणाच्या लेकीच होत्या, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. ठराव झाला, वही फिरली. मी एम. ए. झालेला, वर्गात समतेवर व्याख्याने देणारा. मी सही केली आणि घरी आलो. पुढे तोच टांझानियाचा विद्यार्थी मला विचारता झाला, "सर, तुमच्या इमारतीत एखादी जागा आहे का?" मी म्हणालो, "बघतो." हीदेखील सबबच होती. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या देशबांधवांजवळ खोली घेतली. दोन बस बदलून तो येई. सकाळी सातचा तास त्याचा वारंवार बुडू लागला, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण मलाच करावी लागली.

अमेरिकेत गोऱ्यांच्या वस्तीत काळ्या माणसाला घर न देण्याचा रिवाज फार खोल रुजला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहण्यास मनाई करणारा कायदा तिथे झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही तसा कायदा आला. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची नावे आहेत. खासगी भाड्याच्या खोलीचे नाही. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात राहत्या जागेचा उल्लेख आहे. पण परदेशी विद्यार्थ्याच्या वर्णाचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणजे हे काम उरते ते तुमच्याआमच्यावर.

आणि ते होऊ शकते. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो कायद्याची वाट पाहून नव्हे. फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना प्रा. शां. ब. मुजुमदार यांना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने एकटाच खोलीत पडलेला दिसला. त्याचे हाल पाहून परदेशी मुलांसाठी काही करावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९७१ साली 'सिंबायोसिस' ही संस्था निघाली.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, हा शहराचा प्रश्न आहे. पण वाघोली, लोहगाव, नऱ्हे, आंबेगाव ही कालपर्यंत खेडीच होती. तिथे शेतावर इमारती उठल्या आणि शेतकरी घरमालक झाला. उद्या आपल्याही दारात असा मुलगा उभा राहील. त्याला जरूर प्रश्न विचारा: भाडे वेळेवर देशील का? रात्री गोंगाट करणार नाहीस ना? कागदपत्रे आहेत का? पण तेच प्रश्न विचारा, जे सांगलीच्या मुलाला विचाराल. आणि उत्तरे पटली तर तितक्याच भाड्यात किल्ली द्या.

गेल्या सभेत मी तो जुना ठराव पुन्हा काढला. बोलताना आवाज कापत होता, हे कबूल करतो. दोघे चिडले, चौघे गप्प राहिले, आणि एक वयस्क बाई म्हणाल्या, "येऊ द्या की, पोरंच आहेत." ठराव अजून रद्द झालेला नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत मात्र तो पहिल्या क्रमांकावर आहे, आणि या खेपेला माझी सही कशाखाली असेल ते मी ठरवलेले आहे.