भार येताच बंद पडणारे ग्राफिक्स कार्ड : दोष शोधण्याची पद्धत

प्रस्तावना

अंतिम वर्षाचे प्रकल्प जमा करण्याचे दिवस जवळ आले की एक तक्रार हमखास कानावर येते : "सर, एरवी सगळं ठीक चालतं, पण मॉडेल ट्रेन करायला लावलं की मशीन बंद पडतं." पाठोपाठ निष्कर्षही तयार असतो : "कार्डच गेलं."

बेळगावहून इथे बेंगळुरूला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हीच तक्रार होती. त्याने एस. पी. रोडवरून वापरलेले 'आरटीएक्स ३०८०' कार्ड घेतले होते. आता ते मिळेल त्या भावाला विकून, घरून पैसे मागवून नवे कार्ड घ्यायच्या बेतात तो होता. दोष कार्डात नव्हताच. दोन दिवस थांबून क्रमाने तपासणी केली म्हणून ते कळले. तोच क्रम या पाठात आपण पाहू.

१. भार आल्यावर नेमके काय बदलते?

डेस्कटॉप नुसता उघडा असताना असे कार्ड जेमतेम २०-३० वॅट घेते. पूर्ण भारावर तेच कार्ड ३२० वॅटपर्यंत जाते. १२ व्होल्टच्या हिशोबाने हे सुमारे २७ अँपिअर झाले. चिपला स्वतःला मात्र साधारण १ व्होल्टच लागतो. म्हणून कार्डावरील व्होल्टेज रेग्युलेटर १२ व्होल्टचे १ व्होल्ट करतात आणि त्या बाजूला विद्युतधारा दोनशे अँपिअरच्या घरात जाते.

चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या प्रमाणात असते. दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले तर ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणजे शक्ती सुमारे २७ टक्के घटते. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढच्या एका चाचणीचा आधार हाच आहे.

भार वाढला की तीन गोष्टी एकाच वेळी वाढतात : विद्युतधारा, तापमान आणि मेमरीवरचा ताण. कोणती गोष्ट आधी हार मानते, ते शोधणे म्हणजे दोष शोधणे.

२. लक्षण नीट पाहा

"क्रॅश झाले" एवढे पुरेसे नाही. पुढीलपैकी नेमके काय घडले ते वहीत लिहा.

(अ) संपूर्ण संगणक बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. पहिला संशय वीजपुरवठ्यावर, म्हणजे एसएमपीएस, केबल किंवा भिंतीवरचा सॉकेट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते. ती एवढेच सांगते की संगणक नीट बंद झाला नाही. कारण ती सांगत नाही.

(आ) पडदा काळा होतो, कार्डाचे पंखे जोरात फिरू लागतात, पण आवाज काही वेळ चालू राहतो. कार्डाचा मदरबोर्डशी संपर्क तुटला आहे. लिनक्सवर एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची 'एक्सआयडी ७९' ही नोंद याच प्रसंगाची. कारण वीज, तापमान किंवा स्लॉट यांपैकी कोणतेही असू शकते.

(इ) फक्त प्रोग्रॅम बंद पडतो आणि ड्रायव्हर सावरतो. ठरलेल्या वेळेत कार्डाने उत्तर दिले नाही (मूळ मर्यादा २ सेकंद), तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. त्याची नोंद ४१०१ क्रमांकाची. इथे ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक आणि मेमरी आधी तपासा.

(ई) पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेषा दिसतात. संशय कार्डाच्या मेमरीवर.

३. किती वेळाने पडते?

विद्युतधारा क्षणात वाढते, तापमान हळूहळू चढते. त्यामुळे घड्याळ हे आपले पहिले मोजमापाचे साधन. भार येताच काही सेकंदांत पडत असेल तर विजेकडे पाहा. दर वेळी दहा-वीस मिनिटांनीच पडत असेल तर उष्णतेकडे. वेळेचा काही नेमच नसेल तर ड्रायव्हर, मेमरी किंवा सैल जोडणीकडे.

तापमान अंदाजाने ठरवू नका. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड यांसारख्या मोफत साधनात दर सेकंदाची नोंद फाइलमध्ये साठवता येते. क्रॅशनंतर त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. चिपचे सरासरी तापमान, तिचा सर्वांत तापलेला बिंदू आणि मेमरीचे तापमान हे वेगवेगळे आकडे आहेत. चिप ७० अंशांवर असताना मेमरी १०० च्या वर असू शकते.

४. प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या विद्यार्थ्याचे लक्षण (अ) होते. ट्रेनिंग सुरू केल्यावर कधी काही सेकंदांत, कधी मिनिटभरात मशीन रीस्टार्ट. नोंदीतील शेवटचे तापमान ७१ अंश. म्हणजे उष्णता बाजूला पडली.

मग एसएमपीएसवरचा स्टिकर वाचला. वर मोठ्या अक्षरांत ५५० वॅट, पण १२ व्होल्टच्या रकान्यात ४० अँपिअर, म्हणजे ४८० वॅटच. कार्ड ३२०, प्रोसेसर १२५, दोन्ही मिळून ४४५ वॅट. सरासरीवर हे कसेबसे बसते. पण आधुनिक कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या नेमलेल्या मर्यादेच्या बरेच वर उसळी घेते. ती उसळी एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला अतिभार वाटते आणि ते पुरवठा तोडते. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने क्षणिक उसळी सोसावी, अशी स्पष्ट अट घातली गेली.

संशय म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो.

पहिली चाचणी : कार्डाची शक्तिमर्यादा ३२० वरून २२० वॅटवर आणली. हे सॉफ्टवेअरनेच होते, पैसे लागत नाहीत. ट्रेनिंग सहा तास अखंड चालले. मात्र याने एसएमपीएसच दोषी ठरत नाही. कमी शक्तीत कार्डावरच्या रेग्युलेटरवरचाही ताण कमी होतो.

दुसरी चाचणी : कार्डाच्या दोन्ही आठ-पिनी जोडण्या एकाच दुतोंडी केबलवर होत्या. त्याच एसएमपीएसच्या दोन स्वतंत्र केबली लावल्या आणि मर्यादा पुन्हा ३२० केली. रीस्टार्ट तसाच. म्हणजे केबल एकटी दोषी नाही.

तिसरी चाचणी : कार्ड प्रयोगशाळेतील ८५० वॅटच्या मशीनमध्ये लावले. ३२० वॅटवर रात्रभर चालले. कार्ड निर्दोष.

चौथी चाचणी : त्याच्या मशीनमध्ये कार्ड परत लावून फक्त एसएमपीएस बदलला. त्रास थांबला.

नव्या एसएमपीएसचा खर्च नव्या कार्डाच्या तुलनेत किरकोळ होता. मर्यादा २२० वर ठेवूनही प्रकल्प पुरा झाला असता, फक्त वेळ थोडा जास्त लागला असता. हातात पैसे नसतील तर हा मार्ग कमीपणाचा समजू नका.

५. बेंगळुरूतील दोन खास गोष्टी

पहिली, इन्व्हर्टर. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधील ऊर्जेवर क्षणभर तग धरतो. समजा ५०० वॅट भारावर तो १७ मिलिसेकंद टिकतो. म्हणजे साठा ०.०१७ × ५०० = ८.५ जूल. भार १०० वॅट असेल तर तोच साठा ८५ मिलिसेकंद पुरतो. आता इन्व्हर्टरला बदलायला ३० मिलिसेकंद लागले, तर नुसते टायपिंग करताना काही कळणार नाही, पण ट्रेनिंग चालू असताना मशीन पडेल. वरून पाहता दोष कार्डाचाच वाटेल! म्हणून क्रॅशच्या वेळा आणि दिवे लुकलुकण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहा.

दुसरी, उंची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा साधारण ८ ते १० टक्के विरळ. पंखा तेवढ्याच वेगाने फिरला तरी कमी वजनाची हवा ढकलतो, म्हणून उष्णता थोडी कमी वाहून जाते. इथल्या थंड हवेमुळे हा तोटा बराचसा भरून निघतो. बांधकामाची धूळ मात्र भरून निघत नाही. हीटसिंकच्या पट्ट्यांमधील धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने काढा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

६. सैल जोडणी का जाळते?

आठ-पिनी जोडणी १५० वॅटसाठी असते. १२ व्होल्टवर हे १२.५ अँपिअर, तीन तारांत प्रत्येकी सुमारे ४.२. एका संपर्काचा रोध २० मिलिओहम धरला तर तिथे विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने सुमारे ०.३५ वॅट उष्णता होते. दोन पिना सैल होऊन सगळी धारा एकाच पिनेतून गेली तर ३.१ वॅट, म्हणजे नऊपट. प्लास्टिक वितळते ते असे. २०२२ च्या अखेरीस 'आरटीएक्स ४०९०' च्या नव्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एनव्हीडियाने जोडणी पूर्ण आत न बसणे हे एक सामान्य कारण असल्याचे सांगितले होते. जोडणी 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि तपकिरी डाग दिसतो का ते पाहा.

७. कधी कधी दोष खरेच कार्डात असतो

सप्टेंबर २०२० मध्ये 'आरटीएक्स ३०८०' बाजारात येताच काही कार्डे भाराखाली, वारंवारता २ गिगाहर्ट्झच्या आसपास गेली की पडू लागली. चर्चा चिपमागच्या कपॅसिटरच्या निवडीपर्यंत गेली. नव्या ड्रायव्हरनेही बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला. २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' हा गेम खेळताना काही 'आरटीएक्स ३०९०' कार्डे कायमची गेली. ईव्हीजीए कंपनीने आपल्या सुमारे दोन डझन कार्डांत सोल्डरिंगचे काम सदोष असल्याचे मान्य केले.

तुमच्या कार्डावर अशी शंका असेल तर गाभ्याची वारंवारता ५० ते १०० मेगाहर्ट्झने कमी करून पाहा. त्याने त्रास थांबला तर कार्ड आपल्या सीमेवर चालत आहे. वॉरंटी असेल तर पुढे काही न उघडता, वही आणि नोंदीची फाइल घेऊन दुकानात जा. वापरलेले कार्ड घेताना पैसे देण्याआधी अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवायला सांगा.

८. हे करू नका

• एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टचा शिखरबिंदू सुमारे ३२५ व्होल्ट असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.
• एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला लावू नका. टोक सारखे दिसले तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि क्षणात कार्ड जळते.
• एकाच दिवशी ड्रायव्हर, थर्मल पेस्ट आणि केबल बदलू नका. त्रास थांबला तरी कशाने ते कळणार नाही.
• चेकपॉइंट साठवल्याशिवाय चाचणी करू नका. कार्ड पुन्हा घेता येते, आठवड्याचे ट्रेनिंग नाही.

सारांश

लक्षण लिहा, वेळ मोजा, नोंद वाचा, शक्ती कमी करून पाहा, मग एकेक भाग बदला. फुकट चाचण्या आधी, खर्चाच्या नंतर.

सरावासाठी प्रश्न

१. एका दुतोंडी केबलवरून ३०० वॅट घेतले तर तिच्या तीन तारांपैकी प्रत्येकीत किती अँपिअर वाहतील? दोन स्वतंत्र केबली असतील तर?
२. शक्तिमर्यादा कमी केल्यावर क्रॅश थांबला. एवढ्यावरून एसएमपीएस दोषी ठरवता येईल का? कारण द्या.
३. तुमच्या एसएमपीएसचा स्टिकर वाचा. १२ व्होल्टवर तो प्रत्यक्ष किती वॅट देऊ शकतो ते काढा आणि कार्ड व प्रोसेसर यांच्या एकूण गरजेशी ताडून पाहा.