वाकणाऱ्या स्कीचे विज्ञान

पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून भरधाव घसरणारे खेळाडू तुम्ही चित्रात पाहिले असतील. या पट्ट्यांना स्की म्हणतात. या खेळाच्या एका प्रकारात शर्यत नसते. बर्फाचे उंचवटे आणि लोखंडी कठडे मुद्दाम मांडलेल्या उतारावर खेळाडू उड्या मारतात, गिरक्या घेतात, कठड्यावरून आडवे घसरतात आणि कधी पाठमोरेही उतरतात. अशा जागेला ‘पार्क’ आणि या खेळाला ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात. यातील ‘स्लोपस्टाइल’ या प्रकाराला २०१४ साली रशियातील सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

शर्यतीची स्की ताठर असते. पार्कमध्ये कसरती करणाऱ्या पुष्कळांना मात्र मऊ, सहज वाकणारी स्की हवी असते. मग स्की मऊ किंवा ताठर कशामुळे होते? याचे उत्तर तुमच्या दप्तरातील फूटपट्टी देईल.

प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सेंटिमीटर काढा आणि आतला भाग घट्ट दाबून धरा. टोकाला दोऱ्याने एक लहानसे वजन अडकवा. टोक किती खाली गेले ते मोजा. आता तेच वजन ठेवून पट्टी २० सेंटिमीटर बाहेर काढा. टोक दुप्पट खाली जाईल असे वाटते ना? प्रत्यक्षात ते सुमारे आठपट खाली जाते, कारण वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडीचा परिणाम याच्या उलट असतो. जाडी दुप्पट केली, की पट्टी आठपट ताठर होते. रुंदी दुप्पट केली, तर मात्र ती केवळ दुप्पट ताठर होते.

स्की बनवणारे कारागीर याच नियमाचा उपयोग करतात. स्कीच्या पोटात बहुधा लाकडाचा गाभा असतो. त्याच्या वर आणि खाली काचतंतूंचे थर, तळाला पॉलिइथिलीन आणि कडांना पोलादी पट्टी असते. स्की वाकली, की एका बाजूचा थर ताणला जातो व दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. हे थर एकमेकांपासून जितके दूर, तितकी स्की ताठर. एकसंध पट्टीची जाडी १० टक्के कमी केली, तर तिचा ताठरपणा सुमारे २७ टक्के घटतो! म्हणूनच गाभा पायाखाली जाड ठेवून टोकांकडे पातळ करीत नेतात.

१९९८ साली सालोमन या फ्रेंच कंपनीने माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर वगैरे कॅनेडियन खेळाडूंच्या आग्रहावरून ‘टेन-एटी’ नावाची स्की बाजारात आणली. तिची दोन्ही टोके वर वळलेली होती, त्यामुळे पाठमोरे घसरणे सोपे झाले. १०८० हा आकडा कोठला? एका गिरकीचे ३६० अंश. तीन गिरक्यांचे किती, ते तुम्हीच पाहा.

मऊ टोकावर भार देऊन स्की वाकवता येते, मागचे टोक उचलता येते आणि बर्फावरच गिरकी घेता येते. पावावर लोणी फासणाऱ्या सुरीची आठवण करून देणाऱ्या या कसरतीला ‘बटर’ म्हणतात. टोके हलकी असली, तर गिरकी आणखी सोपी होते, कारण अक्षापासून दूर असलेले वस्तुमान फिरवायला जास्त जोर लागतो.

पण या मऊपणाची किंमतही मोजावी लागते. मोठ्या वेगात मऊ स्की थरथरते. उंच उडीनंतर भार मागे पडला, तर तिचे शेपूट वाकून खेळाडू कोसळू शकतो. मऊ स्की उडीचा सगळा धक्का शोषून घेईल, असेही समजू नका. ते काम प्रामुख्याने उतरण्याच्या जागेचा तिरकेपणा आणि खेळाडूचे वाकणारे गुडघे करतात. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, त्यातलाच हा प्रकार.

मग निवड कशी करावी? प्रथम आपले वजन पाहावे. ८० किलोच्या माणसाला मऊ वाटणारी स्की ४० किलोच्या मुलाला ताठर वाटेल, आणि न वाकणाऱ्या स्कीवर नवशिक्याला ‘बटर’ साधणार नाही. काही कंपन्या ताठरपणाला अंक देतात, पण मोजण्याची रीत ज्याची त्याची असते. म्हणून एका कंपनीचा ‘४’ दुसऱ्या कंपनीच्या ‘४’ इतकाच असेल, असे नाही. त्यापेक्षा स्कीचे शेपूट जमिनीवर टेकवावे, एका हाताने वरचे टोक धरावे, दुसऱ्या हाताने मध्यभाग दाबावा आणि कोठे किती वाकते ते पाहावे. संथ कसरतींसाठी मऊ टोके चांगली. उंच उड्यांसाठी थोडा ताठरपणा हवाच.

जाता जाता एक प्रश्न. सारख्या दोन फूटपट्ट्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या, तर त्यांचा ताठरपणा एकीच्या किती पट होईल? आणि पूर्ण लांबीभर घट्ट चिकटवल्या तर? आधी अंदाज वहीत लिहा, मग प्रयोग करून पाहा. स्कीचे थर एकमेकांना इतके पक्के का चिकटवतात, हे तुमच्या ध्यानात येईल.