पीस आपले, भाव त्यांचा

सोलापूरच्या बाजारात उजनीचे कटला, रोहू मिळतात. ट्राऊट मात्र इकडे नाही; त्याला थंड, वाहते पाणी लागते. काश्मीरमध्ये तो १९०० साली विलायतेहून आलेल्या अंड्यांतून वाढवला गेला. ते काम पाहणारे फ्रँक मिचेल हे श्रीनगरचे गालिचा कारखानदार. म्हणजे सुरुवात आपल्याच धंद्यातल्या माणसाची! पहलगामच्या लिद्दर नदीत आजही सरकारी परवाना काढून शौकीन हा मासा धरतात.

व्यापाऱ्याने पाहावी अशी चीज आहे ती गळावरची. ट्राऊट पाण्यावर उतरलेले किडे टिपतो, म्हणून गळावर नकली माशी बांधतात. तिला ड्राय फ्लाय म्हणतात. साहित्य थोडके: लहानसा गळ, बारीक दोरा आणि कोंबड्याच्या मानेचे पीस. पीस गळाभोवती गुंडाळले की त्याचे केस चहूबाजूंना उभे राहतात व त्यांच्या आधाराने माशी तरंगते. केस मऊ निघाले तर ते पाणी पितात आणि माशी बुडते. गळाचे नंबर आपल्या सुताच्या काउंटसारखे, नंबर वाढला की माल बारीक. २० नंबरची माशी नखावर मावते.

हे पीस वर्षानुवर्षे आपल्या देशातून जात आले. परदेशी दुकानांत त्याला ‘इंडियन केप’ म्हणतात, म्हणजे कातड्यासकट वाळवलेली कोंबड्याची मान. माल स्वस्त, पिसे आखूड, त्यामुळे एका माशीला बहुधा दोन लागतात. अमेरिकेत हेन्री हॉफमन यांच्यासारख्यांनी केवळ पिसांसाठी कोंबड्यांची निवडून पैदास केली. पुढे हॉफमन यांचा वाण टॉम व्हायटिंग यांनी घेतला. त्या कोंबड्याचे एकच लांब पीस अनेक माशांना पुरते. पीस मोडू नये म्हणून प्रत्येक कोंबडा वेगळ्या पिंजऱ्यात, मालाला प्रतवारी, आणि उत्तम मानेला भाव शंभर डॉलरच्या घरात. आपण कापल्यावर उरलेला म्हणून जो माल काढला, तोच त्यांनी मुख्य माल केला.

बांधणी मात्र अजून हाताचीच. केनियात कारागीर या माशा बांधून युरोप-अमेरिकेला पाठवतात. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या बायकांची बोटे पाहिली की हे काम इथे का येऊ नये, असे मला वाटते.

एक सूचना. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांनाही, सामन माशाच्या गळासाठी, परदेशात मागणी असते. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तशी विचारणा आली तर त्या मालाला हात लावू नये.