लोहगावची 'आंतरराष्ट्रीय' वीस वर्षं

डिसेंबर २००५मध्ये पुण्याच्या विमानतळावरून दुबई आणि सिंगापूरची विमानं उडू लागली आणि लोहगावच्या नावाला 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण चिकटलं. ते आजतागायत निघालेलं नाही. विमानं मात्र येत गेली आणि जात गेली. या वीस वर्षांत पुण्याहून परदेशी सुरू झालेल्या मार्गांची यादी आज या शहराला जोडलेल्या परदेशी गावांच्या यादीपेक्षा कितीतरी लांब आहे. मार्ग सुरू होतो तेव्हा फीत असते, केक असतो, पहिल्या प्रवाशाच्या हातात गुलाब असतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो असतो. बंद होतो तेव्हा काहीच नसतं. बुकिंग करायला बसलेल्या एखाद्याला पुढच्या महिन्याच्या तारखा दिसेनाशा होतात, तेव्हा कळतं. त्यामुळे पुणेकरांच्या आठवणीत सगळ्या सुरुवाती आहेत, शेवट एकही नाही. मागोवा घ्यायचा तर शेवटांचाच घ्यायला हवा.

या सगळ्यात रुबाबदार होती ती फ्रँकफर्टची फेरी. जुलै २००८मध्ये लुफ्तान्झाने ती सुरू केली. विमान प्रायव्हटएअर या स्विस कंपनीचं, आकाराने लहान, आणि सुरुवातीला सगळ्याच्या सगळ्या खुर्च्या बिझनेस क्लासच्या. अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या सदाशिव पेठेतल्या आजी-आजोबांसाठी ती नव्हतीच. ती होती चाकणसाठी. मर्सिडीज नव्वदच्या दशकापासून पुण्यात होती, फोक्सवॅगनचा कारखाना २००९मध्ये उभा राहिला, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या जर्मन कंपन्या भोवती जमल्या होत्या. जर्मन इंजिनिअरला मुंबईत उतरून घाटातून चार तास गाडीत बसवण्यापेक्षा थेट लोहगावला उतरवणं कंपन्यांना परवडत होतं. शहराला मात्र वाटलं, की आता युरोप दारात आला. आज फ्रँकफर्ट, उद्या लंडन.

उद्या लंडन आलं नाही, कारण ती फेरी मुळात एका अडचणीतून काढलेली वाट होती. लोहगावची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांबीची. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५९० मीटर उंच. हवा विरळ, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आणखी विरळ. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला जमीन सोडण्याआधी जास्त पळावं लागतं. युरोपपर्यंत पुरेल एवढं इंधन आणि तीनशे माणसं, सामानासकट, घेऊन मोठ्या विमानाने इथून उडायचं म्हटलं तर पट्टी आखूड पडते. मग एकतर माणसं कमी करा, नाहीतर इंधन. थोडी माणसं, लहान विमान आणि महाग तिकीट, हे फ्रँकफर्टचं गणित होतं. ते एका मार्गापुरतं काही वर्षं जमलं. पुढे ती फेरी थांबली आणि युरोपची थेट वाट बंद झाली, ती अजून बंदच आहे.

धावपट्टी लांब का करत नाहीत, हा प्रश्न या शहरात निदान पंधरा वर्षं विचारला जातोय. उत्तर सगळ्यांना माहीत आहे, पण ते उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. इंग्रजांनी तो १९३९च्या सुमारास उभारला. सुखोई-३० भारतात आली तेव्हा, १९९७मध्ये, तिचं पहिलं घर इथेच होतं आणि आजही तिच्या तुकड्या इथे आहेत. धावपट्टी हवाई दलाची, विमानांना उतरू-उडू देणारा नियंत्रण कक्षही हवाई दलाचा. प्रवासी विमानतळ म्हणजे कुंपणाच्या एका बाजूची इमारत आणि तिच्यासमोरची विमानं उभी करायची जागा, एवढंच. वाड्यातला पोटभाडेकरू फारतर आपल्या खोलीला रंग देतो, जिना रुंद करायचा त्याला अधिकार नसतो. सरावाच्या वेळी प्रवासी विमानं थांबतात आणि त्यात गैर काही नाही. तळ आधीचा आहे, शहर नंतर येऊन त्याला भिडलं. विमाननगर तर नावातच ते कबूल करतं.

या सहजीवनाची किंमत २०२०-२१मध्ये उघड दिसली. धावपट्टीचं नव्याने डांबरीकरण करायचं होतं, म्हणून ऑक्टोबर २०२०पासून वर्षभर रात्रीची उड्डाणं बंद राहिली. शेवटी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद. कोविडमुळे प्रवासी तसेही कमी होते, म्हणून ते निभावलं. पण रात्र बंद असणं परदेशी मार्गांना फार लागतं. आखातातली आणि आग्नेय आशियातली बरीच विमानं आपल्याकडे मध्यरात्री ये-जा करतात, कारण तिकडची पुढची जोड विमानं त्या हिशेबाने लागलेली असतात. त्याच्या आधी, फेब्रुवारी २०२०मध्ये, दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानासमोर धावपट्टीवर जीप आली. वैमानिकाने वेळेआधीच नाक उचललं, विमानाची शेपटीकडची बाजू घासली, पण ते सुखरूप दिल्लीला उतरलं. २०२५मध्ये बिबट्याही आवारात दिसला आणि त्याला पकडायला कित्येक महिने गेले. परदेशी कंपन्यांच्या अभ्यासगटांना हे कसं समजावून सांगत असतील, कोण जाणे.

दुसरा शेवट दिल्लीत लिहिला जातो. पुण्यात प्रवासी आहेत तर एमिरेट्स का येत नाही, हे कोड्यात टाकणारं वाटतं. इतर देशांच्या कंपन्यांनी भारतात कुठल्या शहरात उतरायचं आणि आठवड्याला किती आसनं विकायची, हे दोन सरकारांच्या करारात ठरतं. दुबईशी असलेल्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनं आहेत आणि दुबईच्या कंपन्या आपला कोटा केव्हाच भरून बसल्या आहेत. उतरायच्या शहरांच्या यादीत पुणं नाही. दुबईने २०२२मध्ये आणखी ५० हजार आसनं आणि काही नवी शहरं मागितली, त्यात पुण्याचं नाव होतं. भारताने मान्य केलं नाही. कारणही समजण्यासारखं आहे: आपले प्रवासी दुबईत उतरून तिथून युरोप-अमेरिकेला जाणार आणि धंदा आखाताचा होणार, तो आपल्या कंपन्यांनी का सोडावा? हे धोरण देशाच्या हिताचं असेलही. पण त्याचा भार मुंबई-दिल्लीवर पडत नाही, त्यांच्याकडे भरपूर विमानं आहेत. तो पडतो पुण्यासारख्या, आपल्याच कंपन्यांवर अवलंबून असलेल्या शहरांवर.

आणि आपल्या कंपन्यांचं काय झालं ते पाहा. जेट एअरवेजने १ डिसेंबर २०१८ला पुणे-सिंगापूर सुरू केलं; एप्रिल २०१९मध्ये जेटच जमिनीवर आली. नोव्हेंबर २०२२मध्ये स्पाइसजेटने बँकॉक सुरू केलं. २ डिसेंबर २०२२ला विस्ताराने सिंगापूर सुरू केलं आणि यावेळी खरंच वाटलं, की हा मार्ग टिकेल. नोव्हेंबर २०२४मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि जून २०२५मध्ये एअर इंडियाने उड्डाणं कमी केली तेव्हा थांबवलेल्या मार्गांत पुणे-सिंगापूर होतं. यातला एकही मार्ग पुण्यात माणसं मिळाली नाहीत म्हणून बुडाला, असं मला वाटत नाही. एक कंपनी बुडाली, एक विलीन झाली, विमानं कमी पडली, आणि कात्री लावायची वेळ आली तेव्हा ती आधी कडेच्या फांदीला लागली. इंडिगोने नोव्हेंबर २०२४मध्ये दुबई आणि बँकॉक सुरू केलं, एअर इंडिया एक्स्प्रेसनेही जानेवारी २०२५मध्ये बँकॉक धरलं. याही वेळी फोटो आले. मी आता पहिल्या दिवसाचा फोटो पाहत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागतं, त्यात जुना मार्ग दुसऱ्यांदा आहे की नाही, ते पाहतो.

नव्या टर्मिनलची गोष्ट मात्र निव्वळ पुणेरी आहे. जुनी इमारत प्रवाशांनी इतकी भरून वाहायची, की सकाळच्या गर्दीत सुरक्षा तपासणीची रांग आणि नाश्त्याची रांग एकमेकींत मिसळायची. सुमारे ४७५ कोटींचं, वर्षाला ९० लाख प्रवाशांचं, पन्नास हजार चौरस मीटरहून मोठं नवं टर्मिनल बांधून झालं. १० मार्च २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरसंवादाने उद्घाटन झालं; सहाव्या दिवशी निवडणुकीची आचारसंहिता लागली. प्रवासी आत गेले ते १४ जुलैला. मधले चार महिने इमारत तयार, उद्घाटित आणि रिकामी होती, कारण सुरक्षा दलाचे वाढीव जवान मंजूर व्हायचे होते. तोवर पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले होते, त्याचा उपयोगही झाला. इमारत चांगली आहे, हे प्रांजळपणे सांगायला हवं. रांगा हलतात, बसायला जागा मिळते, भिंतींवर वारली चित्रांपासून वाड्यांच्या कमानींपर्यंत सगळा महाराष्ट्र आहे. विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा ठरावही राज्याने केला. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, त्यामुळे ते नाव तिथे शोभतं. पण २०२४-२५मध्ये पुण्याहून वर्षभरात एक कोटीहून जास्त माणसांनी ये-जा केली आणि त्यातली परदेशी जाणारी मूठभर होती. टर्मिनल कितीही देखणं झालं तरी त्याने धावपट्टी एक मीटरनेही वाढत नाही आणि करारातल्या यादीत नावही चढत नाही. पट्टी वाढवायची मोजणी, जागेची पाहणी, पालिकेचा वाटा, अशा बातम्या आता पुन्हा येऊ लागल्या आहेत.

मग पुण्याचा परदेशी प्रवासी जातो कुठून? मुंबईच्या सहार विमानतळावरून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला आणि पुण्याला खरं आंतरराष्ट्रीय विमानतळ तेव्हाच मिळालं, असं म्हटलं तर लोहगावकरांनी रागावू नये. रात्री दीडला विमान असेल तर दुपारी चारला निघायचं, घाटात ट्रक उलटला असेल असं धरून. बॅगा घरीच काट्यावर तोललेल्या, चिवड्याचा पुडा शेवटच्या क्षणी हातातल्या पिशवीत. खालापूरला थांबायचं की नाही, यावरून वाद. या प्रवासाच्या भोवती टॅक्सीवाल्यांचा एक अख्खा धंदा उभा राहिला आहे, आणि विमान कंपन्यांना तो दिसतो. पुण्याचा प्रवासी मुंबईला येतोच, तर त्याच्या दारात तोट्याची शक्यता असलेलं विमान का नेऊन उभं करायचं, असा तो साधा हिशेब आहे. हैदराबाद-बंगळुरूला असं मोठं शेजारघर तीन-चार तासांवर नव्हतं. त्यांना २००८मध्ये नवी, लांब पट्टीची विमानतळं मिळाली. पुण्याला त्याच वर्षी फ्रँकफर्टचं लहान विमान मिळालं.

स्वतंत्र विमानतळाची आशा त्याहून जुनी आहे. आधी चाकण-राजगुरुनगरकडे जागा पाहिली, डोंगर, विरोध आणि परवानग्या यांत ती बारगळली. २०१६मध्ये पुरंदर जाहीर झालं: पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी ही सात गावं. नाव छत्रपती संभाजीराजांचं. पुरंदर किल्ल्यावरचा त्यांचा जन्म, त्यामुळे तेही योग्य. २०१८मध्ये तत्त्वतः मंजुरी, मग जागा बदलायचा विचार, मग संरक्षण खात्याने त्या पर्यायाला दिलेला नकार, मग परत जुन्याच सात गावांवर. मे २०२५मध्ये ड्रोनने मोजणी करायला गेले तेव्हा कुंभारवळणात लाठीमार झाला. तिथे अंजीर आणि सीताफळाच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे आणि झाड हाताशी यायला वर्षं लागतात. पुढे मूळच्या २,८०० हेक्टरवरून क्षेत्र बरंच खाली आलं, आणि पावसाळा सरता सरता बहुतेक जमिनीसाठी संमतिपत्रं आल्याचं प्रशासनाने सांगितलं. आपल्या थेट विमानाच्या हौसेचं बिल कोणाच्या बागेतून जातंय, हे शहराने निदान माहीत असू द्यावं.

या सगळ्यात एक नवा खेळाडू आला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर तिथून देशांतर्गत विमानं उडू लागली. धावपट्टी लांब, जमीन मोकळी, आणि द्रुतगती मार्गावरून उतरलं की पनवेलच्या पुढे लगेच. वाकड-हिंजवडीच्या माणसाला रात्रीच्या वेळी ते सहारपेक्षा तासाभराने तरी जवळ पडेल. तिथून लंडन-फ्रँकफर्ट सुरू झालं तर पुण्याच्या प्रवाशाची सोय होईल, आणि लोहगावला थेट विमान द्या म्हणून सांगायला हाताशी जे आकडे होते, ते पनवेलच्या खात्यावर जमा होतील.